गोफणीचं दुसरं टोक

आमच्या बडोद्याच्या अकोट्यातल्या घरमालकांशी माझी पहिली बोलणी झाली ती मान वर करून. आम्ही दोघं खाली फाटकापाशी, ते वर गॅलरीत. जागा बघायला आलोय असं सांगून हे जिन्याकडे वळले, तर वरून आवाज आला, "तिथूनच बोला! ऐकू येतं मला."

आता घरचं कोण, दारचं कोण, लग्नाला किती वर्षं झाली, मांसमच्छी चालते का, या चौकशा काय अख्ख्या सोसायटीला ऐकवत करायच्या असतात? पण ते करत होते. समोरच्या बंगलीतल्या गुजराती बेन ओट्यावर बसून वालपापडी निवडत सगळं ऐकत होत्या. माझं तोंड उतरलेलं बघून त्यांनी धीर दिला, "चिंता ना करशो, बेन. काका जरा गांडा छे, पण माणस सारा छे." 'गांडा' म्हणजे वेडा, हे बडोद्यात माणूस पहिल्याच आठवड्यात शिकतो. मी नाशकाकडची, ह्यांना रिफायनरीत नोकरी लागली म्हणून आलेली. गुजरात वेगळं होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील.

शेवटी गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सरसर खाली आली. तिच्यात किल्ली होती. असे आम्ही त्यांचे भाडेकरू झालो.

ती टोपली हाच काकांचा जगाशी व्यवहार. दूध तिच्यातून वर, भाजी तिच्यातून वर, छापा म्हणजे वर्तमानपत्र, तेही तिच्यातून वर. चुकून कुणी जिना चढायला लागलं की काका वरून खेकसायचे, "अहो, टोपली काय शोभेला आहे?" रस्त्यात भेटले तर दोन हात अंतर ठेवून उभे राहायचे. समोरचा एक पाऊल पुढे आला की हे एक पाऊल मागे. एकदा बोलता बोलता एका गृहस्थांनी त्यांना असं मागे मागे नेत थेट गटारात घातलं होतं. अंगाने सडसडीत, पायजमा घोट्याच्या वर, आणि कमरेला पट्ट्याच्या जागी कसली तरी विणलेली दोरी. बायकांनी मुद्दाम निरखायची गोष्ट नव्हे, पण माझी नजर जायचीच.

दोरीचा उलगडा झाला तो पातेल्यामुळे. रोज सकाळी दूध आलं की थोड्या वेळाने वर अगाशीत, म्हणजे गच्चीत, 'ठण्ण' असा आवाज व्हायचा. थांबून पुन्हा ठण्ण. मला वाटायचं टाकी ठोकत असतील. मग एक दिवस माझं वाळत घातलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं नाहीसं झालं आणि दुसऱ्या दिवशी टोपलीतून परत आलं ते चेपून. चेपून म्हणजे कसं, एका बाजूने नारळ बसेल एवढी खळी. मी खालून विचारलं, "काका, हे काय?"

"बाई, माफ करा," वरून उत्तर आलं. मी तेव्हा शाळेत शिकवू लागले होते, म्हणून मला बाई. "शिरस्त्राण म्हणून घेतलं होतं. बघा, जवळून दगड हाणला तर लोखंडी टोपाची काय गत होत असेल!"

मी कपाळावर हात मारला आणि त्या पातेल्यात पुढची अनेक वर्षं दूध तापवलं. ती खळी असल्यामुळे ते कधी नीट बसायचं नाही.

तर ती दोरी म्हणजे गोफण. काका हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा सरकारच्या, म्हणजे बडोद्याच्या महाराजांच्या, वेळी शिलेखान्यात कारकून. शिलेखाना म्हणजे हत्यारं ठेवायची कोठी. काका म्हणत, "तिथे तलवारी होत्या, बंदुका होत्या, भाले होते. गोफण नव्हती. कारण गोफण कुणी कोठीत ठेवत नाही, बाई. काम झालं की कमरेला बांधतात." हरणीच्या बाजूला तेव्हा विमानतळापलीकडे नुसती शेतं होती. तिथे सायकलवर जाऊन त्यांनी ही गोफण एका शेतकरणीकडून विणून घेतली होती. पाखरं राखायचीच गोफण, जरा जास्त दणकट.

पुस्तकवाल्या सगळ्या विद्वानांशी त्यांचं एकाच गोष्टीवर वैर होतं. गोफण हे लांबून मारायचं हत्यार. शत्रू अंगाशी आला की गोफणवाला संपला, पळाला तर वाचला नाहीतर मेला, असं सगळे लिहितात. ते वाचलं की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "मागच्या रांगेत उभा करतात त्याला. सगळ्या चित्रांत मागची रांग! अहो, पुढची रांग पडली की मागची रांगच पुढची होते. तेव्हा तो काय करत असेल? रडत बसत असेल?"

मग ते गॅलरीतूनच मला शिकवायचे आणि मी खाली तांदूळ निवडत शिकायची. गोफणीच्या दोन दोऱ्या, मध्ये दगड ठेवायची झोळी. एका टोकाला फासा असतो, तो मधल्या बोटात अडकवायचा. दुसरं टोक चिमटीत धरायचं. गरगर फिरवून चिमूट सोडली की दगड सुटतो आणि गोफण बोटात राहते. हे झालं लांबचं. "आता तो आला तुमच्यापर्यंत. तलवार उचलली त्याने. आता चिमूट सोडायचीच नाही! दोन्ही टोकं मुठीत गुंडाळायची, दोरी आखूड करायची, आणि दगड झोळीतच ठेवून हाणायचा. गोफणीची गदा झाली. कळलं? लांबच्याला सोडायचं, जवळ आल्यावर धरून ठेवायचं. एवढं साधं आहे, पण एकाही शहाण्याला सुचलेलं नाही."

"पण दगड पडेल ना झोळीतून," मी आपली म्हटलं.

वरून टोपली खाली आली, रिकामी. "नाडी आहे का घरात?" माझ्या परकराची नाडी त्या झोळीच्या तोंडाला ओवली गेली आणि प्राचीन युद्धशास्त्राची मोठी अडचण दूर झाली. काका त्या दिवशी इतके खूश होते की संध्याकाळी टोपलीतून जिलबी आली.

सराव असा अगाशीत चालायचा. टाकीच्या पाइपाला वाळूची गोणी टांगलेली, तिच्यावर एखादं भांडं. काका वाघासारखे येरझारा घालायचे, गोणीला झोका द्यायचे आणि ती अंगावर आली की ठण्ण. हे मी शेजारच्या अगाशीतून पाहिलेलं आहे. खोटं कशाला सांगू, हसू यायचं. पण साठीतला एकटा माणूस रोज सकाळी उठून गोणीशी लढतोय हे बघितलं की मी हसणं आवरून खाली उतरायची.

नर्मदेच्या दगडाची गंमत सांगायलाच हवी. बडोद्याच्या आसपास हवा तसा दगड मिळत नाही अशी त्यांची तक्रार. विश्वामित्री नदीत नुसता गाळ आणि मगरी. मी समोरच्या बेनांबरोबर नर्मदेकाठी चांदोदला निघाले तेव्हा काकांनी वरून फर्मान सोडलं, "मुठीत मावेल, लिंबापेक्षा मोठा, गुळगुळीत." मी शोधून आणला तसा. काळाभोर, सुरेख. प्रसादाच्या नारळाबरोबर टोपलीत ठेवला आणि हात धुवायला गेले. परत येते तर बेनांनी त्याच्यावर कंकू लावलेलं, बेलाचं पान वाहिलेलं, आणि स्वतः हात जोडून उभ्या. टोपली वर गेली. काका कडाडले, "अहो बेन, हे काय केलंत? दगड आहे हा! दारूगोळा आहे माझा!"

"एम ना बोलाय, काका," बेन खालून म्हणाल्या. "नर्मदाना कांकरा एटला शंकर." म्हणजे नर्मदेतले जेवढे खडे तेवढे शंकर.

काका देवाधर्मातले नव्हते. रागारागाने आत गेले. पण त्या दगडाने त्यांनी गोणीला कधी मारलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कुणीतरी त्याच्यापुढे हात जोडलेत ना. आता कसं मारायचं? फुकट गेला इतका चांगला दगड." बेन मात्र रोज एक फूल टोपलीत टाकायच्या आणि काका ते निमूट वर ओढून घ्यायचे.

मग आमच्या इथल्या एका मराठी मंडळाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं. दुसऱ्या कुणीतरी नाही म्हटलं असणार. पण काकांना ते आयुष्यभराचं बोलावणं वाटलं. विषय 'गोफण: जवळच्या लढाईत', आणि शेवटी प्रात्यक्षिक. काका महिनाभर आधीपासून हवेत. अडचण एकच. प्रात्यक्षिकाला अंगावर चालून येणारा माणूस हवा. गोणी सभागृहात टांगता येईना, आणि काकांचंच म्हणणं, "गोणीवर विश्वास कोण ठेवील? माणूस पाहिजे." ह्यांना विचारलं, ह्यांनी नेमकी ड्युटी लावून घेतली. सोसायटीतले पुरुष एकेक करून पसार झाले. शेवटी मी म्हटलं, मी येते. त्यांना कुणी म्हणजे कुणी नव्हतं हो. दोन हात अंतरावर उभं राहायलासुद्धा कुणी नव्हतं, मग अंगावर कोण येणार?

माझ्या अटी होत्या. दगड नाही. झोळीत घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा. काका कुरकुरले, वजन बरोबर नाही म्हणाले, पण मानलं. ढाल म्हणून मी डाव्या हातात पोळपाट धरला, तलवार म्हणून लाटणं. पदर खोचला. तालमीसाठी पहिल्यांदा त्यांच्या अगाशीत पाय ठेवला.

"या!" काका त्या टोकाहून गरजले. काय रुबाब होता! वीस वर्षांनी तरुण दिसत होते. मी निघाले. "थांबू नका! लाटणं वर! शत्रू आहात तुम्ही, हसताय काय?" मी दात आवळून पुढे गेले. त्यांनी टोकं मुठीत गुंडाळली, हात वर नेला. मी हातभर अंतरावर आले आणि तो हात वरच राहिला. खाली येईना.

"ऊन डोळ्यावर येतंय," म्हणाले. जागा बदलली. पुन्हा तेच. कणीक सैल आहे म्हणाले. पदराकडे लक्ष जातं म्हणाले. मी कंटाळून म्हटलं, "काका, मारा हो, कणीकच आहे. मला मेलीला काय होतंय!" तेव्हा ते टाकीला टेकून खाली बसले. गोफण मांडीवर ठेवून म्हणाले, "गोणी असं बघत नाही, बाई."

आणि मग, मी न विचारता, बायकोचं सांगितलं. जुन्या गावात लहरीपुऱ्याजवळ माडीवर राहायचे दोघं. गुजरात झालं तेव्हा त्यांचे बरेच नातेवाईक पुण्याकडे गेले. बायकोलाही पुण्याच्या शाळेत जागा मिळाली. भांडण नाही, तंटा नाही. "मी जा म्हटलं नाही, राहा पण म्हटलं नाही. टांगा आला. ती खाली उभी राहून वर बघत होती. बराच वेळ बघत होती. मी माडीवरून ओरडलो, जपून जा. खाली उतरलो नाही." मग गोफणीची नाडी सोडून त्यांनी कणकेचा गोळा बाहेर काढला आणि हातातल्या हातात दाबत बसले. "मागे वारली ती. तिच्या भावाने कळवलं. मला लांबून सगळं जमतं हो. शिकवणं जमलं, ओरडणं जमतं. जवळ माणूस आलं की हाताचं काय करायचं तेच कळत नाही. म्हणून तर हे शोधून काढलं. काहीतरी करता येतं, हे मला दाखवायचंय."

मला रडू आलं, पण मी पोळपाट तोंडापुढे धरला. म्हटलं, "रविवारी जमेल काका. मी तुमच्याकडे बघणारच नाही, पायांकडे बघत येईन."

रविवारी मंडळात बऱ्यापैकी माणसं होती. काकांनी धुतलेला कोट घातला होता. व्याख्यान फर्मास झालं. मंचावरून, लांबून, काय बोलले! मागच्या रांगेचं ते वाक्य आलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग मी पोळपाट-लाटणं घेऊन उठले आणि हशा पिकला. त्याला माझी ना नव्हती. मी खाली मान घालून चालत गेले. त्यांच्या वहाणा दिसल्या तिथे थांबले. काहीच होईना. शेवटी न राहवून मी वर बघितलं. बघायला नको होतं, पण किती वेळ खाली बघणार? काकांचा हात वरच होता आणि डोळे भरले होते.

त्यांनी हात खाली घेतला. अध्यक्ष उठून गोड आवाजात म्हणाले, "बाईमाणूस आहे म्हणून संकोच होतोय. एखादा गडी घ्या की समोर."

"गडी असता तरी हेच झालं असतं," काका म्हणाले. मग लोकांकडे वळून, "माझी रीत बरोबर आहे. हात चालला असता तर तो गोफणवाला वाचला असता. पण जन्मभर त्याने लांबचीच माणसं पाहिलेली. जवळून चेहरा दिसल्यावर त्याचं काय झालं असेल, हे मी धरलंच नव्हतं. मंडळी, माझं चुकलं."

मागून कोणीतरी खिदळलं. मग अध्यक्षांनी आभार मानले आणि सगळे लिलो चेवडो, म्हणजे तो ओलसर चिवडा, नि चहाकडे वळले. "काका, पण मजा आली हं," असं एक जण बशी हातात घेऊन म्हणाला. ते लाटणं त्याच्या टाळक्यात घालावं असं मला झालं होतं. काका चहा न घेता एकटेच सायकलवरून निघून गेले.

त्यानंतर अगाशीतला आवाज बंद झाला. इतकी वर्षं ज्याला मी नावं ठेवली तो ठण्ण सकाळी कानाला हवासा वाटायचा. टोपली खाली यायची, वर जायची. मी हाका मारायची, "काका, बरं आहे ना?" "हो," एवढंच. कमरेला गोफण दिसायची नाही. साधा पट्टा आला होता.

थंडीत एक दिवस दूध टोपलीत घातलं आणि ते वर गेलंच नाही. शाळेतून आले तरी टोपली तिथेच, दुधावर साय धरलेली. मी हाका मारल्या. समोरच्या बेन म्हणाल्या, "उपर जाओ, बेन, जल्दी." मी जिना चढले. तोपर्यंत मी बाहेरच्या जिन्याने थेट अगाशीत गेले होते, त्यांच्या खोलीत कधीच नाही.

खोलीत खुर्ची एकच होती. कुणी आलं तर बसवायला दुसरी नव्हतीच. कोनाड्यात तो नर्मदेचा दगड, त्याच्यापुढे सुकलेल्या फुलांचा ढीग. काका तापाने फणफणलेले. मला बघून म्हणाले, "तिथूनच बोला."

"गप्प बसा हो तुम्ही," मी म्हटलं आणि खुर्ची पलंगाशी ओढली.

डॉक्टर आले, छाती तपासली, इस्पितळात चला म्हणाले. काका नको म्हणाले. आम्ही खूप सांगून पाहिलं. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "तिकडे नेऊनही फार फरक पडेल असं नाही. कोणी जवळचं असेल तर बोलावून घ्या." मी सांगितलं, मी आहे.

मग मी, बेन, सुट्टी असेल तेव्हा हे, असे आळीपाळीने बसू लागलो. बेन वाटीतून खिचडी भरवायच्या आणि काका लहान मुलासारखे तोंड उघडायचे, पण हात लावला की अंग चोरायचे. सवयच नव्हती त्या अंगाला.

उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, दिवस उजाडला. उत्तरायणाला बडोद्यात घरात कोणी राहत नाही. म्हातारेकोतारेसुद्धा पतंगाला अगाशीत. ह्यांची सकाळची ड्युटी होती. सोसायटीतल्या सगळ्या अगाशांवर कल्ला, भोंगे, "काप्यो छे! काप्यो छे!" आणि खाली त्या खोलीत आम्ही दोघं. दुपारी त्यांचा श्वास जड झाला. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते, पहिल्यांदाच मान न वळवता.

"काका, हात धरू का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली, नको. मग उशीखाली चाचपडू लागले. मी मदत केली. गोफण होती, माझ्या परकराची नाडी अजून तिच्यात. त्यांनी फाशात आपलं मधलं बोट घातलं. त्यालाच किती वेळ लागला! आणि दुसऱ्या दोरीचं टोक माझ्याकडे सरकवलं.

"हे धर, पोरी," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नव्हतं. "जवळ आल्यावर…"

"सोडायचं नाही," मी म्हटलं. "पाठ आहे मला, काका."

त्यांना बरं वाटलं असावं. दोरी त्यांनी जराशी ओढली, मी तिकडून जराशी ओढली. असं आम्ही बसून राहिलो. मधूनमधून ते ओढायचे, मी आहे की नाही बघायला. मग ओढणं थांबलं. मी थोडी वाट पाहिली, आणि माझ्याकडून ओढून बघितलं. त्यांचा हात नुसता दोरीबरोबर पुढे आला. वर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळी सोसायटी ओरडली.

फाशाचं टोक त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. मला दिलं होतं ते चिमटीतलं, सोडायचं टोक. हे ड्युटीवरून आले तेव्हा मी ते तसंच धरून बसले होते. ह्यांनी सगळं बघितलं, काकांचे डोळे मिटले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सोड आता."

"थांबा जरा," मी म्हटलं.